शेल्फची मांडणी आणि खोल्यांची सजावट: कोल्हापुरातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मांडणी’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर ताटं, वाट्या, डबे लावायची चौकट म्हणजे मांडणी, आणि त्या वस्तू जशा लावल्या तीही मांडणीच. माझ्या आजीच्या मांडणीत ताटं मोठ्यापासून लहानापर्यंत उभी असायची. परसदारातून सकाळचा उजेड आला की सगळी रांग चमकायची. खालचा एक कप्पा ती मुद्दाम मोकळा ठेवायची, घासलेली भांडी निथळायला. सजावटीचं मला जे काही कळतं त्याची सुरुवात त्या भिंतीपासून झाली. आता मी लोकांना घर लावायला मदत करते. पेठेतली जुनी घरं असोत, राजारामपुरीतले फ्लॅट असोत की उपनगरातले बंगले, लोक तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एका ठिकाणी असावीत म्हणून हे लिहिलं आहे.

शेल्फवर नुसता पसारा झालाय. सुरुवात कुठून करायची?

शेल्फ पूर्ण रिकामं करण्यापासून. दोन वस्तू इकडच्या तिकडे सरकवून काही साधत नाही, कारण डोळ्याला ती जागा तशीच बघायची सवय झालेली असते. जमिनीवर जुनी चादर अंथरा, सगळं खाली घ्या, फळ्या आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्यानं पुसा, आणि शेल्फ निदान एक रात्र तसंच मोकळं राहू द्या. सकाळी चहा घेताना त्याच्याकडे बघा. उजेड कुठून येतो, दारातून आत येणाऱ्याची नजर आधी कुठल्या कप्प्यावर पडते, दिवाणावर बसल्यावर कुठला कप्पा समोर येतो, हे तेव्हाच कळतं.

मग चादरीवर तीन ढीग करा. एक रोज हाताला लागणाऱ्या वस्तूंचा, एक आठवणीच्या वस्तूंचा आणि एक नुसत्याच घरात आलेल्या वस्तूंचा. तिसरा ढीग बहुतेक घरांत सगळ्यात मोठा निघतो. वास्तुशांतीला आलेलं घड्याळ, लग्नातला काचेचा मोर, कुणीतरी सहलीहून आणलेला ताजमहाल. ज्यांनी दिलं त्यांचं प्रेम खरं होतं, पण ती वस्तू वीस वर्षं धूळ खात ठेवणं म्हणजे त्या प्रेमाची जपणूक असं मला वाटत नाही. कुणाला उपयोगी पडत असेल तर देऊन टाका.

किती वस्तू ठेवायच्या?

कप्प्याचा साधारण तिसरा हिस्सा मोकळा राहील इतक्या. मोकळी जागा दिसली की तिथे काहीतरी ठेवायला हात शिवशिवतो. तो आवरा.

सगळं रांगेत लावलं की दुकानासारखं दिसतं. मग लावायचं कसं?

रांग मोडायची आणि उंचीत चढउतार आणायचा. एका कप्प्यात एक उंच, एक मध्यम आणि एक बसकी वस्तू घ्या. उंच वस्तू बरोबर मधोमध नको, थोडी कडेला ठेवा. मध्यम वस्तू तिच्या जरा पुढे येऊ द्या, म्हणजे एक दुसरीला किंचित झाकेल. पुस्तकं काही उभी, काही आडवी. आडव्या चार पुस्तकांच्या चवडीवर एखादी छोटी वस्तू छान बसते.

मंगळवार पेठेतल्या एका घरचा कप्पा मी नेहमी उदाहरण म्हणून सांगते. डावीकडे पितळेचा उभा गडवा, वापरून काठ जरा वाकलेला. शेजारी पाच पुस्तकं आडवी, त्यांवर त्या घरच्या आत्तींचा अडकित्ता. लोखंडी पाती काळी पडलेली, मुठी मात्र हाताच्या घामानं गुळगुळीत. उजवीकडचा बाकी सगळा भाग मोकळा आणि मागे पांढरी भिंत. एवढंच. घरी येणारा प्रत्येक जण तो अडकित्ता हातात घेतो, आणि मग आत्तींच्या सुपारीचा विषय निघतो. नवी एकही वस्तू आम्ही विकत आणली नव्हती. शोकेसमधल्या चाळीस वस्तूंत तो अडकित्ता आधीही होता, पण दिसतच नव्हता.

घरात पोरांच्या ढाली, ट्रॉफ्या आणि सत्काराची स्मृतिचिन्हं आहेत. ती काढायला कुणी तयार नाही. काय करू?

हा अगदी कोल्हापूरचा प्रश्न आहे. एका घरात कुस्तीची चांदीची गदा, दुसऱ्यात पेठेच्या फुटबॉल संघाचे चषक, तिसऱ्यात गणेश मंडळाच्या शिल्डांची थप्पी. तो घरचा मान आहे. ‘अडगळ’ म्हणून त्याला हात लावू नका, घरात भांडण होईल आणि ते रास्तच असेल.

मी असं करते. प्रत्येक माणसानं आपली एकच निवडायची, जिच्यामागची गोष्ट त्याला आजही सांगावीशी वाटते ती. ती शेल्फवर मानानं, स्वतंत्र, मागे मोकळी भिंत ठेवून. बाकीच्यांवरच्या नाव आणि साल कोरलेल्या पट्ट्या स्क्रू किंवा डिंक सोडवून अलगद काढा आणि सागवानी फळीवर सालाच्या क्रमानं ठोका. दोन फुटांच्या फळीवर वीस-बावीस पट्ट्या सहज बसतात. आडव्या टांगलेल्या त्या फळीवर माणसाचं सगळं खेळणं वाचता येतं, आणि प्लास्टिकचे बुडखे साठवून ठेवावे लागत नाहीत. गदा असेल तर तिला आडवं टेकवायला लाकडाचे दोन खाचेचे ठोकळे करून घ्या. उभी टेकवलेली गदा कधी ना कधी घसरते, आणि खाली काच असते.

आजीची तांब्यापितळेची भांडी माळ्यावर पडून आहेत. शेल्फवर ठेवली तर शोभतील का?

शोभतील, पण सगळी एकदम नको. घंगाळ, हंडा, कळशी यांना शेल्फचा कप्पा पुरत नाही, ती जमिनीवर कोपऱ्यात किंवा जिन्याच्या वळणावर ठेवा. शेल्फवर चंबू, पानाचा डबा, ओगराळं, ताम्हण, जुनी समई. पितळ आणि तांबं एकाच कप्प्यात शेजारी ठेवलं तर दोन्हींचा रंग उठून दिसतो. त्यात स्टील मिसळू नका.

घासायला चिंचेचा कोळ आणि चिमूटभर मीठ. चिंचेतल्या आम्लानं वरचा काळा थर विरघळतो. मात्र खरं काम पुढे आहे: स्वच्छ पाण्यानं दोनदा धुवायचं, लगेच कोरड्या सुती फडक्यानं पुसायचं आणि अर्धा तास उन्हात ठेवायचं. आम्ल थोडं जरी राहिलं तर आठवड्याभरात कडांना हिरवट डाग येतात. नव्या शोभेच्या पितळेवर पारदर्शक लॅकर असतं, त्याला चिंच लावू नका, ओलसर फडकं पुरे. आणि जुन्या नक्षीच्या खाचांतला काळेपणा घासून घासून काढायचा हट्ट धरू नका. त्या काळ्या रेघांमुळेच नक्षी वाचता येते.

शोभेला ठेवलेल्या भांड्याला आतून कल्हई करायची गरज नाही. त्यातून खाणंपिणं करणार असाल तरच करा.

चार फुटांची फळी बसवली आणि मधोमध झोळ पडला. चूक कुठं झाली?

आधारातल्या अंतरात. माझ्या पहिल्या घरात मी हेच केलं होतं. भिंतभर सलग फळी हवी म्हणून मधला आधार नको म्हटलं, आणि एका पावसाळ्यात फळी केळीच्या पानासारखी वाकली. उभी लावलेली पुस्तकं एका फुटाला सहज ८ ते १० किलो भरतात, म्हणजे चार फुटांच्या फळीवर ३२ ते ४० किलो. १८ मिलिमीटरच्या प्लायला पुस्तकांसाठी दर अडीच फुटांवर आधार हवाच. समोरच्या कडेला दीड इंच रुंदीची लाकडी पट्टी उभी ठोकली तर फळी आणखी ताठ राहते आणि प्लायची कडही झाकली जाते. पुस्तकांना दहा इंच खोली पुरते. त्याहून खोल केलं की पुढं दुसरी रांग लागते आणि मागची पुस्तकं कायमची विस्मरणात जातात.

बारीक, चार बोटांच्या फळ्या हव्या असतील तर शिवाजी उद्यमनगरातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी फ्रेम करून घ्या. ज्या शहरात इंजिनांचे भाग घडतात तिथे एक साधा काटकोनी ब्रॅकेट हव्या त्या मापाचा करून मिळतो, आणि तो तयार ब्रॅकेटपेक्षा भक्कम असतो. लोखंडाला रेड ऑक्साइडचा (गंजरोधक अस्तराचा) हात देऊन मगच वरचा रंग लावा, नाहीतर गंज भिंतीवर उतरतो.

आमचं घर जुनं, मातीच्या जाड भिंतींचं आहे. ड्रिल मारलं की नुसती माती सांडते. शेल्फ कसं लावू?

भिंतीवर वजन टांगूच नका. विटांच्या नाहीतर काँक्रीटच्या भिंतीत रावल प्लग, म्हणजे स्क्रू धरणारी भोकातली गुल्ली, घट्ट बसतो. मातीत त्याला धरायला काही नसतं. भोक मोठं होत जातं आणि एके दिवशी फळीसकट सगळं खाली येतं. जमिनीवर उभा राहणारा लाकडी किंवा लोखंडी रॅक घ्या, आणि तो पुढे कलंडू नये म्हणून वरच्या बाजूनं छताच्या तुळईला एका पट्टीनं बांधा. तुळईत स्क्रू छान धरतो.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. तुमच्या घरात शेल्फ आधीपासून आहे. कोनाडे आहेत, फडताळ आहे, खुंट्या आहेत. गेल्या वीस वर्षांत किती घरांनी फ्लॅटसारखी सपाट भिंत हवी म्हणून कोनाडे बुजवले! बुजवू नका. जाड भिंतीतल्या कोनाड्याला जी सावली असते ती कुठल्याही विकतच्या शेल्फला येत नाही. आतून भिंतीपेक्षा एक छटा गडद रंग द्या आणि त्यात एकच वस्तू ठेवा. फडताळाची दारं मोडकी असतील तर काढून टाका, आतल्या फळ्या घासून तेलपाणी करा, झालं तुमचं शेल्फ. मातीच्या भिंतीला आतून प्लास्टिक रंग किंवा सिमेंटचा गिलावा देऊ नका. भिंतीतली ओल कोंडते आणि पापुद्रे सुटतात. चुन्याची सफेदी तिला मानवते.

पावसाळ्यात पुस्तकांना आणि फ्रेमच्या मागं बुरशी धरते. उपाय?

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे हवेतला ओलावा हटत नाही, तेव्हा ओलावा येऊच नये हा हट्ट सोडा आणि हवा खेळती ठेवा. बाहेरच्या भिंतीला शेल्फ किंवा कपाट चिकटवू नका, मागे दोन बोटं जागा सोडा. पुस्तकं दाबून बसवू नका, एक पुस्तक सहज ओढता आलं पाहिजे. फोटो फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे फ्रेम भिंतीपासून सुटी राहील. काचेची सरकती दारं असतील तर उघडीप मिळेल त्या दिवशी दोन्ही बाजू तासभर उघड्या ठेवा.

बुरशी धरलीच तर पुस्तक घरात झटकू नका, ती इतरांवर बसते. गॅलरीत, सावलीत, वाऱ्याला पानं पसरून आधी पूर्ण वाळवा, मग तोंडाला रुमाल बांधून मऊ ब्रशनं झाडा. ओल्यावर पुसलं तर डाग कागदात मुरतो.

नवं शेल्फ करताना पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, टाळा. एकदा पाणी प्यायला की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही. स्वयंपाकघर, न्हाणीघराला लागून असलेली भिंत किंवा तळमजला असेल तर ‘आयएस ७१०’ असा शिक्का असलेला मरीन प्लाय मागा, आणि शिक्का फळी कापायच्या आधी स्वतः बघा.

वाळवी?

भिंतीवर मातीची बारीक रेघ दिसली की वाळवी आलीच. शेल्फ हलवा, वाळवीवाल्याला बोलवा. घरगुती उपायात वेळ गेला की चौकट जाते.

हॉल पश्चिमेकडे आहे. संध्याकाळचं ऊन थेट शेल्फवर येतं. काही बिघडतं का?

फोटो, पुस्तकांचे पुठ्ठे आणि रंगीत कापड यांचा रंग नक्की उडतो. पितळ, दगड, मातीच्या वस्तू यांना काही होत नाही, उलट त्या उन्हात त्या जिवंत दिसतात. म्हणून उन्हाचा कप्पा त्यांना द्या.

यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: ऊन वर्षभर एकाच कप्प्यावर येत नाही. कोल्हापूरकराला हे समजावायला मी किरणोत्सवाचं उदाहरण देते. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख आहे. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. दोनच वेळा का? कारण हिवाळ्यात सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेला सरकून मावळतो, २१-२२ डिसेंबरला सगळ्यात दूर जातो आणि तिथून परततो. १० नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी या दोन्ही तारखा त्या टोकापासून साधारण ४१-४१ दिवसांवर आहेत, म्हणून किरण त्याच कोनातून पुन्हा येतात. तुमच्या खिडकीतही हेच घडतं. मे महिन्यात सावलीत असलेला फोटो डिसेंबरात रोज तासभर उन्हात असू शकतो. म्हणून आजोबांचा जुना फोटो कुठे लावायचा हे ठरवण्याआधी हिवाळ्यातली एक संध्याकाळ बघा, किंवा मूळ फोटो अल्बममध्ये ठेवून भिंतीवर त्याची प्रत लावा. मी तर नेहमी प्रतच लावायला सांगते.

भिंतींना रंग कुठला द्यावा?

शेल्फमागची भिंत शांत असू द्या. वस्तू रंगीत असतील तर भिंत मळकट पांढरी किंवा फिकट मातकट, आणि वस्तू पितळ-लाकडाच्या असतील तर गडद हिरवा किंवा निळाही चालतो. डबीतल्या रंगावर किंवा कॅटलॉगवर भरवसा ठेवू नका. दोन फूट बाय दोन फूट तुकडा भिंतीवर रंगवा आणि सकाळी, दुपारी, रात्री दिव्यात असा तीनदा बघा.

शेल्फमध्ये लाइट लावायचे आहेत. कसे?

एलईडीची पट्टी फळीच्या पुढच्या कडेला आतल्या बाजूनं, उजेड मागे पडेल अशी. मागे लावली की वस्तूंची तोंडं काळी पडतात आणि डोळ्यांत उजेड घुसतो. रंग ‘वॉर्म व्हाइट’, म्हणजे २७०० ते ३००० केल्विन. थंड पांढऱ्या उजेडात पितळ फिकट, निर्जीव दिसतं. वीजजोडणी वायरमनकडूनच करून घ्या, आणि अडॅप्टर बंद कप्प्यात कोंडू नका, तो तापतो.

आमच्या भागात पुराचं पाणी येतं. खालच्या कप्प्यांचं काय करायचं?

हा प्रश्न मी हसण्यावारी कधीच नेत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत या शहरातल्या कितीतरी घरांनी आपलं सगळं सामान चिखलात बघितलंय. २०१९ ला आमच्या मामांच्या घरी कमरेएवढं पाणी होतं. टीव्ही, गाद्या याचं कुणाला फारसं वाटलं नाही. खालच्या कप्प्यात लग्नाचे अल्बम होते. ते पाणी ओसरल्यावर काढले तेव्हा सगळी पानं एकमेकांना चिकटून एक वीट झाली होती. मामींनी एक पान ओढलं, आणि त्यांच्या आईचा चेहरा समोरच्या पानाला चिकटून निघून गेला. तो आवाज मला अजून आठवतो.

म्हणून पूररेषेजवळच्या घरात तळाचे कप्पे फक्त धुता येणाऱ्या वस्तूंना: पितळ, मातीची भांडी, दगड, स्टील. अल्बम, कागदपत्रं, पुस्तकं, वाकळा खांद्याच्या वर. तळाचं शेल्फ लोखंडाचं किंवा दगडी कडप्प्याचं करा, प्लायचं नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ३९ ची बातमी आली की ४३ ची वाट न बघता वरच्या मजल्यावर काय न्यायचं, याची चिठ्ठी आधीच कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. त्या घाईत काहीही सुचत नाही.

अल्बम भिजलाच तर वाळायच्या आत पानं सोडवा. फोटो स्वच्छ थंड पाण्याच्या परातीत अलगद धुवा, चित्राच्या बाजूला बोट लावू नका, आणि चित्र वर करून सुती कापडावर सावलीत वाळवा. एका दिवसात उरकणार नसेल तर ओले फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. पुढे सवडीनं थोडे थोडे बाहेर काढता येतात. हे तेव्हा आम्हाला माहीत असतं तर मामींच्या आईचा फोटो वाचला असता.

शेल्फच्याच एका कप्प्यात देव्हारा केला तर चालेल का?

चालतो, पण निरांजनाच्या ज्योतीवर कमीत कमी दीड-दोन फूट मोकळी उंची हवी. वर प्लायची फळी असेल तर आधी ती काळी पडते, मग तापते. उंची मिळत नसेल तर देवांसमोर खाली पाट मांडून त्यावर दिवा लावा. देव्हाऱ्याच्या कप्प्यात शोभेच्या वस्तू मिसळू नयेत, आणि त्याच्या वर घरातल्या ज्येष्ठांची औषधं, मोबाइलचे चार्जर असलं काही नको. हे मी शास्त्र म्हणून सांगत नाही. रोज हात जोडायची जागा स्वच्छ आणि एकाग्र असावी इतकंच माझं म्हणणं.

फोटो आणि चित्रं किती उंचीवर लावायची?

उभ्या माणसाच्या नजरेला चित्राचा मध्य आला पाहिजे, जमिनीपासून साधारण पावणेपाच ते पाच फूट. आपण बहुतेक वेळा याहून फूटभर उंच लावतो आणि मग मान वर करून बघतो. सोप्यात, म्हणजे बाहेरच्या बैठकीच्या खोलीत, गादी-तक्क्यांची बैठक असेल तर आणखी खाली आणा, कारण तिथे बघणारा बसलेला असतो. सोफ्याच्या पाठीपासून वर आठेक इंच सोडा.

दिवंगतांच्या फोटोंना सुकलेला हार ठेवू नका. एकतर ताजा, नाहीतर चंदनाचा, नाहीतर नुसता स्वच्छ पुसलेला फोटो.

चित्रं कुठली घ्यावीत? दुकानात सगळीकडे तेच घोडे आणि तेच धबधबे दिसतात.

कलापूर म्हणवणाऱ्या गावात राहून छापील धबधबा लावावा याचं मला मनापासून वाईट वाटतं. इथे आबालाल रहमान यांनी रंकाळ्याचं पाणी आणि कोटीतीर्थ रंगवलं, इथे बाबूराव पेंटरांचा ब्रश आणि कॅमेरा दोन्ही चालले. राजारामपुरीत चंद्रकांत मांढरे यांच्या निसर्गचित्रांचं संग्रहालय आहे. टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयासमोरून आपण रोज जातो. एकदा आत जाऊन बघा, नजर तयार होते. दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट, कलानिकेतन इथली मुलं दरवर्षी शिकून बाहेर पडतात, त्यांची प्रदर्शनं शाहू स्मारक भवनात लागतात. तिथे जा, चित्रकाराशी बोला, परवडेल ते छोटं जलरंगातलं चित्र घ्या. आपल्या ओळखीच्या घाटाचं, हातानं काढलेलं एक चित्र भिंतीवर असलं की त्या भिंतीला आणखी काही लागत नाही.

मोठी भिंत मोकळी आहे आणि बजेट नाही. काय लावू?

वाकळ. जुन्या लुगड्यांची, हाताच्या टाक्यांची. घरात नसेल तर गावाकडच्या कुठल्या तरी ट्रंकेत नक्की असेल. लावताना खिळे ठोकू नका, वजनानं कापड फाटतं. मागच्या बाजूला वरच्या कडेला सुती पट्टीचा नेफा शिवा, त्यातून बांबू सरकवा आणि बांबू दोन खुंट्यांवर टाका. वजन सगळीकडे सारखं वाटलं जातं. घोंगडंही असंच लावता येतं, मात्र लोकरीला कसर लागते, तेव्हा पावसाळ्यानंतर एकदा कडक ऊन दाखवा. पडद्यांसाठी साधं सुती कापड इचलकरंजीहून मीटरनं आणून घरी शिवा.

कोल्हापुरी चप्पल भिंतीवर किंवा शेल्फवर शोभेला लावतात, ते बरं दिसतं का?

माझं मन मानत नाही. चप्पल बनवणाऱ्याच्या कारागिरीचा मान ती पायात घालण्यात आहे. छोटी शोभेची जोडी लावायचीच असेल तर दाराजवळ लावा, आणि पावसाळ्यात चामड्यावरची बुरशी पुसत राहा.

भाड्याचं घर आहे, मालक खिळा ठोकू देत नाहीत.

उभे रॅक घ्या, फ्रेम भिंतीला टेकवून ठेवा, खिडकीच्या कट्ट्याचा शेल्फसारखा वापर करा. चिकटपट्टीच्या हुकांवर काचेची फ्रेम टांगू नका, दमट हवेत ते सुटतात. एकदा ठोकायची परवानगी मागून तर बघा. भोकं बुजवून देईन म्हटलं की बरेच काका-काकू हो म्हणतात.

घरात लहान मूल आहे.

शेल्फ भिंतीला बांधा, मूल त्यावर चढणारच. जड वस्तू तळाला, काच मोठ्यांच्या छातीच्या वर, आणि खालचा एक कप्पा त्याला देऊन टाका.

गौरी-गणपतीला शेल्फची जागा लागते. दरवर्षी सगळं काढावं लागतं.

शेल्फ करतानाच मधला मोठा कप्पा काढता येणाऱ्या फळीचा करा. फळी काढली की मखर होतं. थर्माकोलच्या सजावटीवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे, आणि त्याची गरजही नाही. बुरुडाकडची सुपं आणि परड्या मागे गोल मांडा, आईच्या जरीच्या साडीचा पडदा सोडा, बाजूला केळीचे खुंट आणि दोन समया. परड्या नंतर फळांना, लोकरीला, चार्जरच्या वायरींना वर्षभर वापरता येतात.

सुताराला बोलावण्याआधी काय तयारी ठेवू?

शेल्फवर जायच्या वस्तूंची उंची मोजून लिहून ठेवा. सगळ्यात उंच पुस्तक, सगळ्यात उंच समई, अल्बमची रुंदी. कप्पे सारख्या उंचीचे करून घेण्यात बरीचशी जागा वाया जाते. भिंतीतून वायर आणि पाण्याची पाइप कुठून गेली आहे तेही मिस्त्रींना आधी सांगा.

मांडणी किती दिवसांनी बदलावी?

वर्षातून दोनदा आपोआपच होतं. मृगाच्या आधी खालच्या वस्तू वर जातात, आणि नवरात्राआधी घरातल्या वाकळा-चादरी धुवायला निघतात तेव्हा शेल्फही रिकामं होतं. काढायच्या आधी मोबाइलवर एक फोटो घ्या, म्हणजे परत लावताना अडत नाही. लावताना मात्र तसंच्या तसं लावू नका. एक कप्पा घरातल्या सगळ्यात लहान माणसाला द्या आणि तो जे मांडेल ते पुढच्या दसऱ्यापर्यंत हलवू नका. आमच्याकडे सध्या त्या कप्प्यात एक भोवरा, त्याची मळकी जाळी आणि पन्हाळ्याच्या पायथ्याला सापडलेले दोन दगड आहेत.